धुळे आवृत्तीत रावेर नव्हतं

आमच्या घरी पेपर मागच्या पानापासून वाचला जायचा. पहिल्या पानावर दिल्लीत कोण काय बोललं ते असायचं, पण ते लोक नानांच्या ओळखीचे नव्हते. नाना म्हणजे माझे वडील, धुळ्यात पाटबंधारे खात्यात कारकून. पेपर हातात पडला की ते आधी तो उलटा करायचे आणि 'निधन' असं शीर्षक असलेल्या रकान्यावर बोट ठेवायचे. ते बोट हळूहळू खाली सरकायचं, आणि आई स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेल्या हातांनी उभी राहायची. कारण त्या बोटावर तिच्या दिवसाचा हिशेब अवलंबून असायचा. बोट थांबलं की नाना उठायचे, पांढरी टोपी घालायचे, खांद्यावर टॉवेल टाकायचे आणि सायकल काढायचे. "दारवर जाई येस," दारवर जाऊन येतो, एवढंच सांगायचे.

दारवर जाणं म्हणजे कोणी गेलं असेल त्याच्या घरी सांत्वनाला जाणं. खानदेशात याला मुहूर्त लागत नाही आणि निमंत्रणही लागत नाही. लग्नाला बोलावल्याशिवाय जाऊ नये आणि मरणाला बोलावण्याची वाट पाहू नये, हे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ असतं. जाऊन काही विशेष बोलायचं नसतं. बाहेर सतरंजी अंथरलेली असते तिच्यावर बसायचं, पाणी दिलं तर घोटभर प्यायचं आणि थोड्या वेळाने उठायचं. उठताना 'येतो' म्हणायचं नाही. एरवी कोणाच्या घरून निघताना नुसतं 'जातो' म्हटलं तर लोक रागावतात, पण मरणाच्या दारातून मुकाट्याने निघायचं, कारण तसल्या कामासाठी त्या दारात पुन्हा यायची वेळ येऊ नये. मी लहान असताना एकदा सवयीने "येते हं मावशी" म्हणून बसले होते. नाना तिथे काही बोलले नाहीत. रस्त्यावर आल्यावर मात्र त्यांनी माझा कान असा पिरगळला की घरी पोहोचेपर्यंत तो गरम होता.

नानांच्या या वाचनाची आमच्या गल्लीत थट्टा व्हायची. पेपरातून एक ओळ जरी उंदराने खाल्ली तरी नानांना कळेल, असं लोक म्हणायचे. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावापासून पार जामनेरपर्यंत नातेवाईक पसरलेले, त्यामुळे रोज कुठे ना कुठे काहीतरी निघायचंच. घरात रेडिओही होता, पण त्याच्यावर नानांचा भरवसा नव्हता. "रेडिओवर मंत्रीच मरतस," असं ते म्हणायचे. संध्याकाळी जळगाव केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम लागायचा आणि त्यात केळीचे भाव सांगायचे. रावेरचे भाव सुरू झाले की नाना हात लांब करून आवाज बारीक करायचे. बंद मात्र करायचे नाहीत. कान रेडिओकडे आणि तोंड भिंतीकडे, असे ते भाव संपेपर्यंत बसून असायचे, आणि आम्ही कोणी त्या वेळात बोलायचो नाही.

रावेरला काका होते. नानांचे धाकटे भाऊ. तरुणपणी केळीच्या व्यापाऱ्याकडे कामाला म्हणून गेले, बागेतून माल काढायचा, ट्रक भरून द्यायचे, आणि तिकडचेच झाले. दोघा भावांचं बोलणं बंद होतं. ताईच्या लग्नापासूनचं, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचं. कारण ऐकलं तर कोणीही हसेल. लग्नपत्रिकेत निमंत्रकांच्या यादीत काकांचं नाव नव्हतं. सगळ्या चुलत-मावस लोकांची नावं होती, गावच्या पाटलाचंही होतं, आणि सख्ख्या भावाची ओळ तेवढी गायब. काका हळदीच्या दिवशी काकूला घेऊन आले, मांडवात उभे राहिले, खिशातून पत्रिका काढली, नानांच्या हातात दिली आणि आल्या पावली परत गेले. नाना मागे धावले. "प्रेसवालानी चूक शे, मन्ही नही," असं ते बसस्टँडपर्यंत सांगत होते. काकांनी एकच विचारलं होतं, "प्रूफ कोणी वाचं?" त्यावर नाना म्हणाले, प्रेसवाल्याने प्रूफ दाखवलंच नाही. पुढे दहा-अकरा वर्षं ते हेच सांगत राहिले.

प्रूफ म्हणजे छापण्याआधी चुका बघायला देतात तो कागद, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पुढे मी त्याच धंद्यात पडले.

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि तो काही कौतुकाचा शब्द नव्हता. मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसले तरी दोनदा उठते. अशा मुलीला पेपरच्या कचेरीत खुर्चीचं काम मिळालं, हा नशिबाचा चावटपणाच. आमचा पेपर जळगावला छापला जायचा आणि त्याचं धुळ्याचं ऑफिस आग्रा रोडवर एका दुकानाच्या वर होतं. मला बातमीदार व्हायचं होतं. मोर्चे, कोर्ट, पांझरेचा पूर, असं काहीतरी. मला मिळालं प्रूफं तपासणं, पाककृती, वाढदिवस आणि निधन. मी भांडून पाहिलं. ऑफिसचे प्रमुख सज्जन होते, पण त्यांच्याकडे कोणत्याही मागणीला एकच उत्तर असायचं, "जागा नाही." पगारवाढीलाही ते हेच म्हणायचे.

त्यातल्या त्यात सुख म्हणजे पाकिटं आणायला स्टँडवर जाणं. गावोगावचे वार्ताहर आपल्या बातम्या पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे आणि ती पाकिटं कोणीतरी स्टँडवरून उचलायची. खरं तर ते शिपायाचं काम, पण मी ते हिसकावून घेतलं होतं. शिंदखेड्याच्या गाडीचा कंडक्टर गाडी पुरती थांबायच्या आधीच पाकीट खिडकीतून टाकायचा आणि ते झेलायला मला फार आवडायचं. मग मी तिथेच, फलाटावर उभ्या उभ्या, पाकीट फोडायची. ग्रामपंचायतीतली हाणामारी, विहिरीत पडलेला बैल, आणि एक-दोन निधन. कोणाची गंधमुक्ती, कोणाचं बौद्ध पद्धतीचं पुण्यानुमोदन. गंधमुक्ती म्हणजे सुतक फिटण्याचा दिवस. त्या दिवशी नातेवाईक जमतात, जेवण होतं. बाहेरच्या माणसाला वाटेल की पेपरवाले ही जागा उगाच वाया घालवतात. आमच्याकडे पेपर खपायचा तो त्याच जागेवर.

या रकान्याचा आणखी एक उपयोग होता, तो मला नोकरीला लागल्यावर समजला. ज्या नातेवाइकाशी बोलणं बंद आहे, त्याला निरोप कसा द्यायचा? माणूस पाठवला तर आपण वाकलो असं होतं. न कळवावं तर जन्माचा ठपका. मग पेपरात द्यायचं. पेपरात दिलं म्हणजे कळवलं, यात दोघांचीही मान राहते. समोरचा दारात येऊन बसतो, कोणी कोणाला काही विचारत नाही, आणि मरणाच्या सतरंजीवर जुनं भांडण आपोआप विरतं. अशी विरलेली कितीतरी भांडणं नानांनी मला नावानिशी सांगितली होती. स्वतःचं सोडून.

नव्वदनंतर पेपरमध्ये कॉम्प्युटर आले, फॅक्स आला, आणि वरच्या लोकांनी ठरवलं की आता जिल्ह्या-जिल्ह्याची वेगळी आवृत्ती काढायची. जळगावची जळगावला, धुळ्याची धुळ्याला. आमच्या ऑफिसात पेढे वाटले. मीही खाल्ले. पहिलं पान दोन्हीकडे एकच राहिलं आणि आतली पानं वेगळी झाली. धुळ्याच्या वाचकाला आता पारोळ्यापलीकडची बातमी मिळेना आणि जळगाववाल्यांना आमची. जामनेर, यावल, रावेर ही नावं आमच्या पानांवरून एका आठवड्यात पुसली गेली. मी प्रमुखांना म्हटलं, निम्म्या धुळ्याच्या लेकी तिकडे दिल्यात, निधनं तरी दोन्हीकडे घ्या. ते म्हणाले, "जागा नाही."

नानांना मी हे सांगितलं होतं का? नक्की आठवत नाही. बहुतेक सांगितलं असेल आणि त्यांनी ऐकलं नसेल. पेपरचं नाव तेच, मागचं पान तेच, 'निधन' हा शब्द तेवढ्याच ठळक टाइपात. रकाना थोडा आखूड झाला होता एवढंच. "आजकाल लोकं कमी मरतस," असं मात्र ते एकदा म्हणाले होते.

जळगाव आवृत्तीचा एक अंक ऑफिसात रोज यायचा, तोही गाडीने, एक दिवस शिळा. सुतळी बांधलेला गठ्ठा कोपऱ्यात पडलेला असायचा आणि आम्ही त्यातले अंक डबा खाताना टेबलावर अंथरायचो. त्या बुधवारी दुपारी मी असाच एक अंक ओढला, भाकरी ठेवली, लोणच्याची बाटली ठेवली, आणि खाता खाता सवयीने डोळे निधनाच्या रकान्यावर गेले. भाकरीच्या कडेला रावेर दिसलं. भाकरी बाजूला केली तर खाली काकूचं नाव.

गंधमुक्ती गुरुवारी सकाळी, राहत्या घरी. म्हणजे उद्या. मजकूर नेहमीचाच होता. त्यांच्या पश्चात पती, एक मुलगा, एक मुलगी असा परिवार आहे. आणि शेवटी, धुळे येथील पाटबंधारे खात्यातील अमुक अमुक यांच्या त्या भावजय होत. तिथे नानांचं नाव होतं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, जसं ऑफिसच्या पाटीवर असतं तसं.

मी हात न धुताच गठ्ठा उपसायला लागले. दहा दिवसांपूर्वीच्या अंकात पहिली बातमी सापडली, तीतही नानांचं नाव. तिसरी एक मधली होती, तिच्यावर कोणीतरी तेलकट हात पुसले होते, तरी नाव वाचता येत होतं. म्हणजे काकांनी तीन वेळा छापून आणलं होतं. ज्या माणसाचं नाव आम्ही पत्रिकेत गाळलं, त्याने आमचं नाव तीन वेळा टाकलं होतं, आणि ते आमच्याच पेपरात, माझ्या टेबलापासून दहा पावलांवर, सुतळीत बांधून पडलेलं होतं. मला रडूही आलं आणि त्या गठ्ठ्याला लाथ मारावीशीही वाटली. मी दोन्ही केलं. प्रमुखांनी काय झालं विचारलं तर मी म्हटलं, "जागा नव्हती ना, त्याचं हे झालं." त्यांना काही कळलं नाही आणि मला सांगायला धीर नव्हता.

आणखी एक गोष्ट मनात आली. या दहा दिवसांत तोंडोतोंडी कळून धुळ्यातले आमचे किती नातेवाईक रावेरला जाऊन आले असतील! त्यांच्यापैकी कोणी आम्हाला चकार शब्द सांगितला नाही. का सांगतील? नाना पेपरातली एक ओळ सोडत नाहीत हे सगळ्या जगाला ठाऊक. नानांनी वाचलं असणार, वाचून गेले नसणार, मग आपण कशाला जखमेवर बोट ठेवा, असा प्रत्येकाने विचार केला असणार. आणि रावेरला सतरंजीवर बसलेल्या काकांनीही.

मी संध्याकाळची पाकिटं आणायला गेले नाही. सरळ घरी गेले. रेडिओवर केळीचे भाव चालले होते, नाना भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी त्यांच्यापुढे तिन्ही अंक टाकले. त्यांनी मागचं पान वर केलं, बोट ठेवलं, ते सरकलं आणि थांबलं. भाव संपले, भजन सुरू झालं, तरी बोट तिथेच. आईने येऊन रेडिओ बंद केला.

"हाऊ कोणता पेपर शे?" नानांनी विचारलं.

"आपलाच. जळगाव आवृत्ती."

"मंग आपला मा का नही उनं?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे रावेरनं माणूस मरनं ते धुळाले सांगानं नही, असं ठरायं का तुम्हनं?" मी म्हटलं, मी नाही ठरवलं. ते म्हणाले, "पेढा ते खाधा व्हता."

मग उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने निघू, असं मी म्हणाले आणि तिथे सगळं अडलं. नाना मान हलवायला लागले. दहा दिवस झाले, आता कोणत्या तोंडाने जायचं. गंधमुक्तीला परके लोक जातात, सख्खा भाऊ पहिल्या दिवशी जातो. लोक काय म्हणतील. मी म्हटलं, लोकांना हा अंक दाखवू. चूक पेपरची आहे, तुमची नाही. त्यावर नाना जरा ताठ झाले. "हा, पेपरनीच चूक शे," म्हणाले. "त्या टाइमले प्रेसवालानी, आते पेपरवालानी. मन्हा नशीबले छापखानाच आडवा येस."

मी दुपारपासून उभीच होते. पायात नुसती आग. माझं डोकं फिरलं आणि इतकी वर्षं तोंडात धरून ठेवलेलं बाहेर पडलं. "नाना, मी रोज प्रूफं वाचते. गिऱ्हाइकाची सही घेतल्याशिवाय कोणताही प्रेसवाला पत्रिका छापत नाही. एकही नाही. तुम्ही सही केली होती."

आईने "गप ना वं" म्हणून माझा दंड धरला. नानांनी तिन्ही अंक एकावर एक ठेवले, नीट घडी केली आणि उशीखाली सरकवले. जेवायला उठले नाहीत. मी आपली खोलीभर फिरत राहिले, स्वतःवर चिडत आणि त्यांच्यावरही. बोलले ते खरं होतं याचाच मला जास्त राग येत होता.

सकाळी मला जाग आली तेव्हा नाना टोपी घालून ओट्यावर बसलेले होते. खांद्यावर टॉवेल. आई तिच्या दुखऱ्या गुडघ्यांमुळे येऊ शकत नव्हती, तिने काकूसाठी म्हणून एक पातळ पिशवीत घातलं, मग मेलेल्या बाईला पातळ कशाला म्हणून काढलं, मग काकूच्या मुलीला होईल म्हणून परत घातलं. मी नानांच्या उशीखालचे जळगावचे अंक काढून पर्समध्ये ठेवले. मला ते काकांना दाखवायचे होते. पेपरचं कामकाज कसं चालतं, आवृत्ती म्हणजे काय, सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं.

धुळे ते रावेर हा प्रवास माझ्यासारखीने करू नये. पारोळ्याला गाडी चहाला थांबली. एरंडोलला कंडक्टर कोणाशी तरी भांडला. जळगावला रावेरची गाडी लागायला इतका वेळ लागला की मी चौकशीच्या खिडकीवर जाऊन जाऊन त्या माणसाला रडकुंडीला आणलं. भुसावळ गेलं, फैजपूर गेलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या, रस्त्यावर केळीने भरलेले ट्रॅक्टर, एकामागे एक, ओलांडता येईनात. सावद्याच्या अलीकडे गाडी अडली ती अडलीच. मी खाली उतरून पुढे जाऊन आले, परत चढले, परत उतरले. ड्रायव्हर म्हणाला, बाई, तुम्ही ढकलता का गाडी? नाना खिडकीशी एका जागी बसून होते. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. धुळ्यापासून ते एक शब्द बोलले नव्हते आणि आदल्या संध्याकाळच्या त्या वाक्यानंतर मीही त्यांच्याशी बोलले नव्हते.

आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. पंगती उठून गेल्या होत्या. आचारी पातेली घासत होते, दोन माणसं मांडवाच्या दोऱ्या सोडत होती. दाराशी सतरंजी तेवढी राहिली होती आणि तिच्यावर काका बसले होते. मी त्यांना शेवटचं पाहिलं होतं तेव्हा त्यांचे केस काळे होते. आम्हाला बघून दोऱ्या सोडणारी माणसं थांबली. आचाऱ्यांपैकी एकाने पातेलं हळूच खाली ठेवलं. आतून काकांचा मुलगा दारात आला आणि तिथेच उभा राहिला. नाना जाऊन सतरंजीच्या कडेला बसले. मी त्यांच्या मागे.

दारवर बोलायचं नसतंच, पण ही शांतता त्या रिवाजाची नव्हती हे मलाही कळत होतं.

शेवटी काकाच बोलले. नानांकडे न बघता, समोरच्या मांडवाकडे बघत. "तीन डाव पेपर मा दिधं." मग थोड्या वेळाने, "तुन्हं नाव बी टाकं व्हतं, नाना. पुरं नाव. लोकं म्हणेत, नाना पेपर वाचाशिवाय पाणी पेस नही. त्याले बठ्ठं माहीत शे. तो येवाव नही." त्यांचा आवाज वर गेला नाही. "दहा दिन मी आठेच बठेल शे. धुळानी दरेक गाडीनं टायमिंग माले पाठ व्हयी गयं."

आता माझी वेळ होती. मी पर्सची चेन उघडली. अंक निम्मा बाहेर काढला होता, "काका, ते काय झालं" एवढं बोलूनही झालं होतं, तेवढ्यात नानांनी मागे हात करून माझं मनगट धरलं. घट्ट. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मन्हं वाचानं राही गयं," नाना म्हणाले.

काकांनी पहिल्यांदा मान वळवली. "तुन्हं? वाचानं?"

"हा. मन्हंच." नानांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला. "आणि पत्रिकानं प्रूफ बी मीच वाचं व्हतं. सही मन्ही व्हती. घाई घाई मा वाचं नही, सही करी दिधी. प्रेसवालानी काय बी चूक नव्हती."

ते एवढंच बोलले. मला वाटलं होतं काका काहीतरी म्हणतील, ओरडतील, निदान उठून आत जातील. ते मांडवाकडे बघत राहिले. दोरी सोडणाऱ्या माणसांना उगाच म्हणाले, "सोडा रे, सोडा, उभा काय शेतस." मग त्यांची नजर माझ्यावर आली. माझ्या उघड्या पर्सवर, बाहेर डोकावणाऱ्या कागदावर.

"तू ते पेपर मातच काम करस ना वं?" त्यांनी विचारलं. "तुले बी दिखनं नही?"

माझ्याकडे पुरावा होता. तीन अंक होते, तारखेसकट. आमच्या घरात त्या दहा दिवसांत कोणाचीही चूक नव्हती हे मी दोन मिनिटांत सिद्ध करू शकले असते. आणि ते सिद्ध झालं असतं तर नानांनी आत्ता जे सतरंजीवर ठेवलं होतं त्यातलं अर्धं परत उचलून घेतल्यासारखं झालं असतं. काकांना सांगावं लागलं असतं की तुम्ही तीन वेळा मारलेली हाक धुळ्यापर्यंत पोहोचलीच नाही. मनगटावर नानांचा हात अजून होता.

"नाही दिसलं, काका," मी म्हटलं.

काकांनी मान हलवली. मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठले, आत गेले आणि स्वतः तांब्या घेऊन आले. नानांनी तांब्या वर धरला आणि घटाघट प्यायले. घोटभर प्यायचं असतं हे तेही विसरले होते, किंवा सकाळपासून तहानलेले होते. काकूच्या मुलीने पानं वाढली. वरण गार झालं होतं, बट्ट्या कडक झाल्या होत्या. दोघे भाऊ शेजारी बसून जेवले. काका आपल्या पानातली बट्टी कुस्करून नानांच्या पानात टाकत होते, कारण नानांच्या दाढा गेल्या होत्या आणि हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ते बघून मला जे रडू आलं ते काकूसाठी होतं असं तिथल्या बायकांना वाटलं. त्यांनी मला जवळ घेतलं.

परतीच्या गाडीची वेळ झाली तशी मी उठले. मी आईने दिलेली पिशवी काकूच्या मुलीच्या हातात ठेवली, चप्पल घातली आणि रिवाजाप्रमाणे मुकाट्याने चालायला लागले. फाटकापाशी पोहोचले तरी मागे नानांची चप्पल वाजेना. वळून पाहिलं तर ते सतरंजीपाशीच उभे होते, टोपी नीट करत. काकाही उभे होते.

"येस मी," नाना म्हणाले.

मांडवाखालच्या सगळ्यांनी ऐकलं. एका म्हातारीने तोंडाला पदर लावला. नाना मात्र हलले नाहीत, उत्तराची वाट बघत तिथेच उभे राहिले, आणि जन्मभर जिला एका जागी उभं राहता आलं नाही ती मी फाटकाला धरून उभी राहिले.

काकांनी भावाच्या खांद्यावरचा घसरलेला टॉवेल वर सरकवला.

"ये," ते म्हणाले.